दंडाचा आकडा आणि न्यायाचा विलंब

भारतीय अन्न महामंडळाने २००९ साली गोदामांतील धान्याची कीड मारणाऱ्या गोळ्यांसाठी निविदा मागविल्या, तेव्हा तीन कंपन्यांनी किलोमागे ३८८ रुपये असा एकच भाव भरला. एका पैशाचाही फरक नव्हता! हा योगायोग मानावयास भारतीय स्पर्धा आयोग तयार झाला नाही आणि २०१२ मध्ये त्याने कंपन्यांच्या सरासरी एकूण उलाढालीच्या नऊ टक्के दंड ठोठावला. त्यांपैकी एकीच्या वाट्यास सुमारे २५२ कोटी रुपये आले. अपिलात ही रक्कम सात कोटींच्या आत आली. कारण अपील न्यायाधिकरणाने केवळ त्या गोळ्यांचीच विक्री हिशेबात धरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

संसदेने २०२३ च्या दुरुस्तीने हा पायाच बदलला. आता उलाढाल म्हणजे सर्व वस्तू व सेवांची जगभरातील उलाढाल, आणि मार्च २०२४ पासून ही तरतूद अमलात आहे. वाट युरोपची खरी; परंतु जागतिक उलाढालीचे दहा टक्के ही तेथे केवळ कमाल मर्यादा असते, दंडाची मोजणी संबंधित मालाच्या विक्रीपासूनच सुरू होते. आयोगाची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वेही बहुतांशी हेच सांगतात. तेव्हा ‘जागतिक’ या शब्दाने जेवढी धडकी भरते, तेवढा प्रत्यक्ष दंड वाढेलच असे नव्हे.

अमेरिकेची रीत निराळी आहे. १८९० च्या शर्मन कायद्याखाली संगनमताने भाव ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि नाडलेला ग्राहक दावा लावून तिप्पट नुकसानभरपाई मागू शकतो. दंड हा कंपनीच्या जमाखर्चात आणखी एक खर्च म्हणून मावतो. तुरुंग मावत नाही.

आपल्याकडे दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. ग्राहकाला भरपाईसाठी अपील न्यायाधिकरणाचे दार वेगळे ठोठवावे लागते, तेही संगनमत सिद्ध झाल्यावर. आणि वरील एका निविदेचा अंतिम निकाल लागावयास आठ वर्षे गेली. सिमेंट कंपन्यांवरील २०१२ चा सहा हजार कोटींहून मोठा दंड सुनावणीतील दोषामुळे २०१५ मध्ये रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा बसला आणि २०१८ मध्ये अपिलात कायम झाला. दरम्यान घरे बांधणाऱ्यांनी सिमेंटचे पैसे केव्हाच चुकते केले होते. म्हणूनच २०२३ च्या दुरुस्तीतील एक कमी गाजलेले कलम अधिक मोलाचे वाटते : आता दंडाची २५ टक्के रक्कम भरल्याखेरीज अपील दाखल करून घेतले जात नाही.