प्रिंटर चालत नाही? बिघाड मुलांना शोधू द्या



आपल्या वर्गात कॉम्प्युटरवर पोट असलेले पालक बरेच आहेत. त्यामुळे "बाबा, प्रिंट येत नाहीये!" अशी हाक आली, की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: "सरक, मी बघतो." पाच मिनिटांत कागद बाहेर येतो. मूल तो घेऊन जाते, पण बिघाड कुठे होता आणि कसा सापडला हे त्याला कळत नाही. माझे स्पष्ट मत असे, की हे पाच मिनिटांचे काम आपण करू नये. मुलांना अर्धा तास लागला तरी त्यांनाच करू द्यावे, आणि तेवढा वेळ बोलणे मराठीत ठेवावे.

सुरुवातीला केबलने जोडलेला प्रिंटर घ्यावा. वायरलेस दिसत नाही. केबल डोळ्यांना दिसते आणि हाताने चाचपता येते. राउटरपासून प्रिंटरपर्यंत बोट फिरवत जाता येते. खुर्चीच्या चाकाखाली ती चेंगरली आहे का, टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटून कनेक्टर ढिला झाला आहे का, हे दहा वर्षांचे मूलही सांगू शकते. एखादी जुनी केबल कापून दाखवा. आत ८ तारा, म्हणजे ४ जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. बाहेरचा विद्युत गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडच्या टोकाने फक्त दोन तारांमधला फरक वाचावा, म्हणून हा पीळ. ही युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची; तिचे पेटंट १८८१ सालचे आहे.

आता शोधण्याचा क्रम. खालून वर जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढे दोन नियम पुरेत.

पहिली पायरी दिव्याची. केबल घुसते त्या पोर्टजवळ बहुधा बारीक दिवा असतो. तो लागला असेल तर दोन्ही टोकांना एकमेकांची चाहूल लागली आहे. लागला नसेल तर चालू असलेल्या कॉम्प्युटरची केबल काढून प्रिंटरला लावून पाहावी. दिवा लागला तर दोष केबलचा. नाही लागला तर राउटरचे पोर्ट बदलावे. केबल आणि पोर्ट एकदम बदलले, तर प्रिंटर चालू होईल पण दोषी कोण ते कळणार नाही.

इथे एक खोच आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. अनेक प्रिंटरांचे पोर्ट १०० चेच असते. म्हणून प्रिंटरला चालणारी केबल कॉम्प्युटरला रडवू शकते. "तिथे चालली म्हणजे चांगलीच आहे" हा निष्कर्ष घाईचा ठरतो, आणि हे मुलाला स्वतः सापडले तर ते जन्मभर विसरत नाही.

दुसरी पायरी पत्त्याची. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. प्रिंटरच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावे, की राउटरकडून काही मिळाले नाही म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे.

तिसरी पायरी पिंगची. माइक मूस यांनी १९८३ साली लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचे नाव पडले. प्रिंटरच्या पत्त्यावर हाक मारायची. ओ आली, तर केबल, पोर्ट, पत्ता सगळे निर्दोष. मग दोष कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शोधावा. पुष्कळदा प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो आणि कॉम्प्युटर अजून जुन्याच पत्त्यावर कागद धाडत असतो. वायरलेसवरचा प्रिंटर केबलवर आणला की असे हमखास होते, कारण राउटरच्या लेखी ते दुसरेच यंत्र असते. राउटरमध्ये प्रिंटरसाठी कायमचा पत्ता राखून ठेवला, की ही कटकट संपते.

आता मराठीचे. आपली मुले घरी मराठी ऐकतात ती जेवायला बसा, आवरा, आजीशी फोनवर बोला, एवढ्यापुरती. विचार करायची वेळ आली की ती इंग्रजीत शिरतात, आणि खरे म्हणजे आपणही शिरतो. मग मराठी ही फक्त लाडाची आणि रागावण्याची भाषा उरते. रविवारी वर्गात बाई 'जर-तर'ची वाक्ये घोकून घेतात. बिघाड शोधणे म्हणजे दुसरे काय? "जर दिवा लागला, तर केबल ठीक असेल." "जर केबल तुटली असती, तर दिवा लागलाच नसता." हे दुसरे वाक्य मुलाला गरज पडली म्हणून सुचते, तेव्हा ते व्याकरण त्याचे होते.

काही पालक म्हणतील, तांत्रिक शब्द मराठीत कुठे आहेत? नसू देत. केबल, राउटर, प्रिंटर हे शब्द टेबलासारखेच आपले झाले आहेत. वाक्य मराठी असले की झाले. दुसरे म्हणतील, उद्या गृहपाठ द्यायचा असताना हे चोचले कशाला? रास्त आहे. त्या रात्री कागद छापून द्यावा आणि शनिवारी सकाळी चालू केबल मुद्दाम अर्धवट ओढून ठेवून मुलाला बोलवावे. तिसरे म्हणतील, मूल काही मोडून ठेवील. त्यासाठी दोन गोष्टी आधीच बजावाव्यात: कुठलेही यंत्र उघडायचे नाही, आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकातले रीसेटचे बटन दाबायचे नाही, कारण त्याने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. नुसती केबल काढून घातल्याने काही बिघडत नाही.

आपले काम एवढेच, की शेजारी स्टूल घेऊन बसावे, हात मागे ठेवावेत आणि विचारावे, "आता तुला काय दिसतंय? मग त्यावरून काय कळलं?" उत्तर चुकले तरी लगेच सुधारू नये; पुढची पायरी आपोआप चूक दाखवते.

बाईंना एक विनंती. मुलांनी घरी शोधलेल्या बिघाडावर पाच-सहा ओळी मराठीत लिहून आणाव्यात आणि त्या या अंकात छापाव्यात. आधी काय पाहिले, मग काय बदलले, शेवटी काय सापडले. प्रिंटर नसेल तर टीव्ही चालेल, सायकलची साखळीही चालेल.

— एक पालक