प्रकाशाचे रंगकाम आणि पिठाचा कोंबडा

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम हे शहर एकेकाळी लेसच्या विणकामासाठी प्रसिद्ध होते. आज जगभरातील असंख्य छांदिष्ट त्याचे नाव वेगळ्याच कारणाने घेतात. मेजावर खेळावयाच्या युद्धखेळांसाठी जेमतेम तीन-सव्वातीन सेंटीमीटर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक तयार करणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे मुख्यालय तेथे आहे. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेला हा लहानसा व्यवसाय डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजारातील शंभर बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसला. खेळण्यातील शिपाई विकणारी कंपनी बँका आणि तेल कंपन्यांच्या पंक्तीला बसावी, हे हिशेबी माणसाला चकित करणारे आहे. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय हा नफा नव्हे. हे सैनिक रंगविणारी माणसे त्यांच्या डोळ्यांत आणि शस्त्रांत जो प्रकाश भरतात तो प्रकाश, आणि त्या अनुषंगाने श्रावकाच्या घरात उभा राहणारा एक प्रश्न, असा हा दुहेरी विषय आहे.

नॉटिंगहॅमच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर लेस्टर हे शहर आहे. १९८८ साली प्रतिष्ठा झालेल्या तेथील जिनमंदिरामुळे ते आपल्या समाजाला परिचित आहे. अशा एखाद्या शहरात मुलाकडे राहावयास गेलेल्या आजीला नातवाच्या टेबलावर हिरव्या तेजाने झळकणारी सेना दिसावी, हे आता नवलाचे राहिलेले नाही. आजी विचारते, "बाळा, आपल्या घरात हे सैन्य कशाला रे?" नातू म्हणतो, "आजी, हे नुसतं प्लास्टिक आहे. यात कोणी मरत नाही." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यावयाचे तर आधी नातू टेबलाशी बसून नेमके काय करतो, ते पाहिले पाहिजे.

या कंपनीच्या 'वॉरहॅमर ४०,०००' या १९८७ पासून चालत आलेल्या खेळात नेक्रॉन नावाची एक सेना आहे. कोट्यवधी वर्षे थडग्यात निद्रिस्त असलेले हे धातूचे सांगाडे जागे होतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून आणि शस्त्रांतून हिरवा प्रकाश फाकतो, अशी कल्पना आहे. सैनिकाच्या आत दिवा नसतो, तार नसते, बॅटरी नसते. असते ते केवळ करड्या प्लास्टिकवरचे रंगाचे पातळ थर. तरीही पाहणाऱ्यास वाटते की, शस्त्र पेटलेले आहे आणि त्याचा उजेड सैनिकाच्या छातीवर, हनुवटीखाली आणि पायांखालच्या दगडांवर पडलेला आहे.

या भ्रमाचे नियम साधे आहेत, पण ते पाळणे कठीण आहे. पहिला नियम असा की, प्रकाश दाखवावयाचा असेल तर आधी अंधार रंगवावा लागतो. कागदापेक्षा पांढरा रंग कोणत्याही डबीत मिळत नाही. त्यामुळे एखादी जागा उजळ भासवावयाची तर तिच्या सभोवतीचे सारे मंद करणे एवढाच उपाय उरतो. नवशिका नेमका येथेच चुकतो. तो संपूर्ण सैनिक लख्ख रंगवितो, वर हिरवा रंग फासतो आणि मग तो प्रकाश न वाटता शेवाळ का वाटते, म्हणून खंतावतो.

दुसरा नियम असा की, सर्वांत उजळ जागा प्रकाशाचा उगम हीच असली पाहिजे. दिव्याची ज्योत मध्यभागी जवळजवळ पांढरी असते आणि तिचा रंग कडेला दिसतो. म्हणून नेक्रॉनच्या शस्त्राच्या गाभ्यात पांढरट हिरवा, त्याभोवती तेजस्वी हिरवा आणि बाहेर गडद हिरवा असा क्रम ठेवतात. त्या शस्त्राने उजळलेली छाती शस्त्राहून अधिक उजळ झाली, तर सारा भ्रम मोडतो.

तिसरा नियम भूमितीचा आहे. उजेड सरळ रेषेत जातो. म्हणून उगमाकडे तोंड असलेल्या पृष्ठभागांवरच तो पडतो, पाठमोऱ्या भागावर पडत नाही. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाईवर येते. त्यामुळे शस्त्राजवळचा हात झळकेल, खांद्यावर पुसटशी छटा येईल आणि पाठ अंधारातच राहील. हे मनाने ठरविण्याऐवजी जाणकार एक युक्ती करतात. रंग लावण्यापूर्वी सैनिकाला अंधाऱ्या खोलीत ठेवून, शस्त्राच्या जागी लहानसा विजेचा दिवा धरून ते छायाचित्र घेतात आणि प्रत्यक्षात उजेड जेथे पडला, तेथेच ब्रश नेतात. निसर्गाला विचारून केलेले काम सहसा चुकत नाही.

प्रत्यक्ष काम सावकाशीचे आहे. आधी काळ्या प्रायमरचा हात, मग धातूचा गडद रंग, मग खाचांत उतरणारा पातळ काळसर वॉश. त्यानंतर पाण्याने इतका विरळ केलेला हिरवा रंग की एक थर जेमतेम जाणवावा. असे अनेक थर एकावर एक, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. कोणी एअरब्रशने फवारा मारतात, तर कोणी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवितात. काहीजण शेवटी फ्लुओरेसंट रंग वापरतात. हा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाशाच्या रूपात परत देतो, म्हणून तो खरोखरच अधिक झळाळतो. मात्र उन्हात तो लवकर विटतो. साध्या रंगांनी साधलेला उजेड त्यापेक्षा दीर्घकाळ टिकतो.

एक सैनिक रंगविणे ही हौस आहे, तर पन्नास-शंभरांची सेना रंगविणे हे व्रतासारखे आहे. प्रत्येकाचा उजेड त्याच छटेचा, त्याच दिशेचा आणि तेवढ्याच तीव्रतेचा यावयास हवा. म्हणून रंगांचे प्रमाण वहीत टिपून ठेवावे लागते आणि एकेक पायरी सर्व सैनिकांवर पुरी करूनच पुढची पायरी घ्यावी लागते. चाळिसाव्या सैनिकापाशी कंटाळा आला तर तो रंगात दिसतो.

या कलेचे गोत्र जुने आहे. नॉटिंगहॅमपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरील डर्बी येथील जोसेफ राइट या चित्रकाराने १७६६ साली ग्रहमालेच्या यंत्राभोवती जमलेल्या माणसांचे चित्र काढले. त्यात सूर्याच्या जागी दिवा आहे. तो दिवा एका पाठमोऱ्या मुलाआड लपलेला आहे आणि त्याचा उजेड केवळ भोवतालच्या चेहऱ्यांवर दिसतो. हे चित्र आजही डर्बीच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी जलरंगात रंगविलेली, हातातील समईची ज्योत तळहाताने जपणारी स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहावयास मिळते. अनेकजण ते चित्र चुकून राजा रविवर्म्याचे समजतात. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो तांबूस उजेड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नातवाच्या टेबलावर काय चालले आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. निर्जीव वस्तूवर केलेला आघात हिंसा ठरतो काय? आपल्या परंपरेने याचे उत्तर यशोधराच्या कथेत दिलेले आहे. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ती 'यशस्तिलकचंपू'त सांगितली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात आणि जन्न कवीने कन्नडमध्ये सांगितली. राजा यशोधर जिवंत पशूचा बळी देण्यास नकार देतो, पण मातेच्या आग्रहापुढे नमून पिठाचा कोंबडा देवीपुढे कापतो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही त्या एका कृत्यापायी माता आणि पुत्र दोघांनाही अनेक तिर्यंच योनींत फिरावे लागते. कारण सुरी पिठावर चालली असली तरी मनात बळी देण्याचाच संकल्प होता. द्रव्यहिंसा घडली नाही, भावहिंसा घडली.

ही कथा ऐकून नातवाची सेना उचलून टाकण्याची घाई करू नये. तिच्याशेजारी भरत-बाहुबलींची कथाही ठेवली पाहिजे. दोन्ही सेना समोरासमोर उभ्या असता मंत्र्यांनी निरपराध सैनिकांचा संहार टाळण्यासाठी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध असा रक्तहीन निवाडा सुचविला. युद्धाचे खेळात झालेले ते रूपांतर हजारोंचे प्राण वाचविणारे ठरले. परंतु पराभूत भरताच्या मनात क्रोध उसळला आणि त्याने चक्र सोडले, हेही तीच कथा सांगते. रक्त सांडले नाही म्हणून कषाय शमला असे होत नाही.

युद्धखेळांचा इतिहासही या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा नकाशावरील युद्धखेळ स्वीकारला, तो खऱ्या लढाया अधिक कुशलतेने लढता याव्यात म्हणून. उलट एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले, ते मोठ्या युद्धाचा मूर्खपणा लोकांच्या ध्यानी यावा या आशेने. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि खुद्द वेल्स यांनीच युद्धांचा अंत करणारे युद्ध म्हणून त्याचा पुरस्कार केला. खेळ माणसाला आपोआप शहाणा करीत नाही आणि आपोआप क्रूरही करीत नाही. निर्णय भावाच्या हाती असतो.

म्हणून आजीने नातवापाशी थोडा वेळ बसून पाहावे. तो उजेडाच्या दिशेचा विचार करीत असेल, श्वास रोखून सैनिकाच्या डोळ्यात पांढरा ठिपका ठेवीत असेल, तर त्या घटकेला त्याच्या मनात वध नाही, एकाग्रता आहे. तोच खेळताना "मारला, संपवला!" अशा आरोळ्यांत रमत असेल आणि हरल्यावर चिडत असेल, तर अनर्थदंडातील अपध्यान म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगण्याची ती वेळ आहे.

याहून दोन गोष्टी अधिक तपासण्याजोग्या आहेत आणि त्या प्लास्टिकच्या नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे ब्रश. या छंदात उत्तम मानले जाणारे ब्रश सैबेरियाकडील कोलिन्स्की या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात आणि ते केस मिळविण्यासाठी तो प्राणी मारला जातो. काही काळ्या रंगांत हाडांचा कोळसा असतो. खोट्या सैन्याकडे बोट दाखविणाऱ्याच्या नजरेतून खरी हिंसा नेमकी येथे निसटते. कृत्रिम तंतूंचे चांगले ब्रश आज सर्वत्र मिळतात. त्यांचे टोक थोडे लवकर वाकते, एवढीच काय ती तोशीस. रंग घेताना घटक विचारून घ्यावेत.

दुसरी गोष्ट परिग्रहाची. एक सेना पुरी होण्यापूर्वीच दुसरीची खोकी घरात येतात. न रंगविलेल्या खोक्यांच्या राशीला हे छांदिष्ट स्वतःच हसत 'लाजेचा ढीग' म्हणतात. हातातील सेना पुरी झाल्याखेरीज नवे खोके आणावयाचे नाही, असा नियम नातवाने आजीच्या साक्षीने घेतला, तर ते परिमाण-व्रताचेच एक लहानसे रूप होईल. आणि नियम पाळला जात आहे की नाही, हे पाहण्याच्या निमित्ताने आजीलाही त्या टेबलाशी बसता येईल. बसल्या बसल्या यशोधराची गोष्ट सांगावी. पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा शिपाई यांत फरक कोणता, हे नातवालाच विचारावे आणि तो काय उत्तर देतो ते शांतपणे ऐकावे.