खामच्या खोऱ्यातून सायकलीने

मराठी प्रवासवर्णनाला सौम्य भूगोलाचे वावडे आहे, असे आम्हांस बरेच दिवस वाटत आले आहे. सह्याद्रीचा कडा, कोकणचा किनारा, नर्मदेची परिक्रमा, हिमालय, आणि मग विमानाने गाठलेला परदेश, हे विषय समोर आले की आपल्या लेखकांची लेखणी सरसावते. परंतु जिथे डोंगर म्हणजे दूरवरची एक निळसर रेघ आहे, नदीचे पात्र एका दमात ओलांडता येते आणि किनारा म्हणजे धरणाच्या पाण्याची मागेपुढे सरकणारी कड आहे, अशा प्रदेशाविषयी लिहिण्यासारखे काही नाही असे आपण गृहीत धरून चालतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजपासून नाथसागराच्या काठापर्यंतचे खाम नदीचे खोरे हा असा प्रदेश आहे. तेथे गेली काही वर्षे आम्ही दोघे-तिघे रविवारी सायकली हाकतो. त्या निमित्ताने मराठी गद्याच्या नजरेविषयी जे सुचले, ते येथे मांडत आहोत.

खाम ही काही पुराणात गाजलेली नदी नव्हे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतून ती निघते, पाणचक्कीच्या कडेने आणि जुन्या शहराच्या दरवाजांजवळून वाहते, छावणीचा भाग ओलांडून वाळूजकडे येते आणि पुढे गोदावरीच्या, म्हणजे आता नाथसागराच्या पाण्याला मिळते. वाटेत शहर तिला आपले सांडपाणी देते. गेल्या काही वर्षांत शहराच्या हद्दीत तिच्या पुनरुज्जीवनाचे काम झाले, काठ साफ झाले, त्याचे कौतुकही झाले; ते योग्यच आहे. पण कौतुकाची हद्द बहुधा महानगरपालिकेच्या हद्दीपाशी संपते. वाळूजच्या पुलावर उभे राहिले की पाण्याचा रंग आणि वास दोन्ही सांगतात की नदी पुढेही आहे आणि पुढे तिचे कुणी नाही.

हे खोरे उतरते, पण उतरताना दिसत नाही. नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. शहर त्याहून साधारण तीन-साडेतीनशे फूट उंचावर आहे. हा उतार इतक्या लांबीवर पसरलेला आहे की मोटारीत बसलेल्याला तो जाणवतच नाही. सायकलस्वाराला मात्र तो डोळ्यांआधी पायांना कळतो. जाताना सायकल आपोआप चालल्यासारखी वाटते आणि परतताना कळते की सकाळचा तो उत्साह आपला नव्हता, जमिनीचा होता. भूगोलाचे असे ज्ञान नकाशातून मिळत नाही आणि चालण्यातूनही इतक्या स्पष्टपणे मिळत नाही, कारण चालणाऱ्याला सौम्य चढ आणि सौम्य उतार जवळजवळ सारखेच असतात. सायकल हे वाहन जितके आहे, तितकेच ते जमीन वाचण्याचे साधन आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आमच्या सायकलींना ‘माउंटन बाईक’ म्हणतात. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही हौशी मंडळींनी जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरउतारावरून सोडायला सुरुवात केली, तेथून या प्रकाराचा जन्म झाला. आमच्याकडे माउंटन नाही, नुसती बाईक आहे, असा विनोद आमच्यातच चालतो. तरी जाड टायर येथे शोभेचा नाही. महामार्गावरील ट्रकांच्या रांगेतून सुटून लिंबेजळगावच्या अलीकडे-पलीकडे शिवरस्त्याला लागले की आधी मुरूम लागतो, मग गाडीवाट, मग काळी माती. पावसाळ्यात ही माती चाकाला असा काही लोड चढवते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पातळ चाक अडकते. आणि सर्व ऋतूंत सराटे. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी. सराटा चाकातून उपटून काढावा तेव्हाच त्याची ओळख होते. पंक्चर काढण्यासाठी बांधावर बसावे लागते, आणि बांधावर बसलेल्याशी बोलायला या भागात कुणी ना कुणी येतेच. आम्हांला या खोऱ्याविषयी जे माहीत आहे, त्यातले निम्मे सराट्यांच्या कृपेने.

काठावर पोहोचल्यावर जे दिसते त्याला किनारा म्हणावे की नाही, हा प्रश्न आहे. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १०२ टीएमसी पाणी साठवणारा हा जलाशय पैठणच्या वर गोदेच्या पात्रात पसरला आणि काठची अनेक गावे उठली. समुद्राचा किनारा दिवसातून दोनदा सरकतो, हा वर्षातून एकदा. पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. गहू-हरभऱ्याचे हिरवे पट्टे पाण्याच्या मागे मागे आत जातात. अवर्षणाच्या वर्षी कुठे जुन्या बांधकामाचे अवशेष वर येतात. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी मात्र शहरातून मोटारी येतात. कायगाव टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते, तेथे उभे राहिले तर समोरचा काठ अहिल्यानगर जिल्ह्यातला. आणि या पाण्यावरून वरच्या आणि खालच्या जिल्ह्यांत जे तंटे चालतात, ते ऐकत वाढलेली पिढी आता आमच्या वर्गांत शिकते आहे.

आता मुद्द्याकडे. ज्या खोऱ्यात लिहिण्यासारखे काही नाही असे आपण समजतो, ते खोरे मराठी गद्याच्या अगदी उगमाशी आहे. हाल सातवाहनाच्या नावावरील गाथासप्तशतीतील गोदातीर म्हणजे शेते, झुडपांची दाटी, पाणवठे आणि तेथे येणारी-जाणारी साधी माणसे. भव्य असे त्यात काही नाही. तिच्या पुष्कळ शतकांनंतर चक्रधरांचे भ्रमण याच गोदेच्या दोन्ही काठांनी झाले, आणि लीळाचरित्राच्या पाठोपाठ ‘स्थानपोथी’ नावाचा एक विलक्षण ग्रंथ महानुभावांनी सिद्ध केला. चक्रधर जिथे जिथे थांबले त्या त्या स्थानाची त्यात नोंद आहे: कोणत्या गावी, कोणत्या देवळात, दार कोणत्या दिशेला, काय कुठे होते. साहित्याचे अभ्यासक तिला साधनग्रंथ म्हणून बाजूला ठेवतात. आमच्या मते ती मराठीतील पहिली गंभीर स्थलगद्यरचना आहे. तिच्यामागे श्रद्धा आहे हे खरेच. परंतु श्रद्धेने तेथे विशेषणे वाढवली नाहीत, उलट दिशा आणि अंतरे अचूक केली. सामान्य जागेकडे असे पाहता येते, हे मराठी गद्य शिकले ते कुणा पायी हिंडणाऱ्यामागून जाताना.

हे शिक्षण पुढे हरवले कसे, हा मोठा विषय आहे आणि येथे त्याला हात घालत नाही. गोनीदांच्या नर्मदेत किंवा द. बा. मोकाशींच्या ‘पालखी’त त्याचा अंश आहे, पण तेथे वाट आधीच पवित्र ठरलेली आहे, लेखकाला निदान वाट निवडण्याचे कारण द्यावे लागत नाही. खामकाठाने जाणाऱ्याला ते द्यावे लागते. अडचण इथेच आहे.

सायकलींची नवी लाट आली तेव्हा आम्हांला आशा होती. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केल्यापासून आपल्या शहरांतून गंभीरपणे सायकल चालवणाऱ्यांची संख्या नजरेत भरावी इतकी वाढली. लिहिणेही वाढले. पण त्या लिहिण्यात काय असते? किलोमीटर, सरासरी वेग, चढाईची बेरीज, आणि सूर्योदयाचे एक छायाचित्र. हा आकड्यांचा प्रवास स्थानपोथीसारखा दिसतो खरा. तीही नोंदच होती. मात्र तिच्यातली नोंद जागेची होती, ही नोंद नोंदवणाऱ्याची आहे. खाम ओलांडली जाते आणि लिहिण्यात येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. वाळूजला १९८०च्या दशकापासून कारखाने आले. आधी स्कूटर, मग मोटारसायकली आणि रिक्षा येथून देशभर गेल्या. त्या बनवणारा कामगार मात्र पहाटेच्या पाळीला बराच काळ सायकलीने जात होता, आणि कंत्राटी कामगारांपैकी कित्येकजण अजून जातात. त्याची सायकल काळी, बिनगिअरची, मागे कॅरिअरला डबा. ती ज्या सुप्रसिद्ध कंपनीची असण्याचा संभव आहे, त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, बंद झाला. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर या गावांचे रस्ते त्या चाकांना जितके ठाऊक आहेत तितके आमच्या आयात टायरांना कधीच होणार नाहीत. पण आम्ही जातो ती ‘राईड’, आणि तो जातो ते ‘कामाला जाणे’.

इंग्रजीत एच. जी. वेल्स याने १८९६ साली ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक कापडाच्या दुकानातला एक सामान्य नोकर. वर्षाची दहा दिवसांची सुटी मिळते तेव्हा तो धडपडत सायकल घेऊन निघतो आणि इंग्लंडच्या सौम्य टेकड्यांतून, लहान गावांतून दक्षिण किनाऱ्याकडे जातो. बस्स, एवढेच. पण त्या सायकलीवर बसल्यावर आपल्याला कुणी दुकानातला नोकर म्हणून ओळखू नये, ही त्याची धडपड त्या निसर्गाला अर्थ देते. सौम्य भूगोल वाङ्मयात यायला एक माणूस पुरतो, ज्याला तेथून जाण्याची मोकळीक प्रथमच मिळते आहे. वाळूजच्या कामगाराच्या रविवारविषयीची अशी कादंबरी आमच्या वाचनात नाही. ग्रामीण साहित्याने त्याचे गाव लिहिले, कामगार साहित्याने त्याचा कारखाना. मधला पंधरा-वीस किलोमीटरांचा रस्ता दोघांच्याही वाट्याला आला नाही.

येथे आमचे काही मित्र एक रास्त आक्षेप घेतात. लिहिल्याने नदी स्वच्छ होत असती तर गोदावरी आरशासारखी असती. तिच्याइतके कुणावर लिहिले गेले? आक्षेप खरा आहे. गोदावरीवर झालेले बरेचसे लेखन तिचे माहात्म्य सांगते, आणि माहात्म्याला घाण दिसत नाही. खामला माहात्म्य नाही. तिच्यावर लिहायचे तर पाण्याचा रंग, पुलाखालचा गाळ, काठच्या विहिरीची चव आणि त्या विहिरीचे पाणी कुणी पिणे सोडले हेच लिहावे लागेल. त्याने नदी सुधारेल असे आम्ही म्हणत नाही. पण शहराच्या हद्दीपलीकडे ती कशी आहे, हे सांगणारे एक पान तरी असेल.

म्हणून प्रवासवर्णन शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना एक सुचवणे आहे. एका सत्रापुरता युरोप आणि हिमालय बाजूला ठेवावा. विद्यार्थ्यांना स्थानपोथीची दहा पाने वाचायला द्यावीत आणि मग सायकलीने, ती गिअरची असो वा डब्याची, वाळूजच्या पुलापासून पाण्याच्या कडेपर्यंत पाठवावे. विशेषणे वापरू नयेत एवढीच अट. माघ-फाल्गुनात पाठवावे, तेव्हा गाळपेर कापणीला आलेली असते आणि कडेपर्यंत जायची वाट शेतकऱ्याला विचारल्याशिवाय सापडत नाही. पंक्चरचे सामान सोबत द्यावे.