‘काही झालेले नाही’

छातीत धडधड, हातापायांना कंप, कोंडलेला श्वास आणि आता मरणारच अशी खात्री. कामगाराला रुग्णालयात नेले जाते. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो आणि ‘काही झालेले नाही’ असे सांगून त्याची बोळवण होते. वस्तुतः पुष्कळ काही झालेले असते. भीतीचा हा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो; सावकाश सोडलेला श्वास आणि शेजारी शांतपणे बसलेला सोबती यांचा त्या वेळी आधार होतो. खरी हानी होते ती पुढच्या झटक्याच्या धास्तीने. माणूस बस टाळतो, बाजार टाळतो, अखेर कामच टाळतो.

यावर समुपदेशनाचे व औषधांचे उपचार आहेत. सरकारी सेवेतून ते मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. २०२२ पासून १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही सुरू झाली. परंतु दूरध्वनी म्हणजे दवाखाना नव्हे. रोज बुडवून शहर गाठणे ज्याला परवडत नाही, त्याचा हक्क तालुक्याच्या रुग्णालयात उपचार नसेल तर कागदावरच राहतो. म्हणून पगार आणि बोनसच्या मागणीपत्रात ही मागणीही आली पाहिजे. ‘धीर धर’ असे सांगणे सोपे आहे. धीर देणारी व्यवस्था उभी करणे हे चळवळीचे काम आहे.