मूळ गांवीं परत जातांना

दिवाळी होऊन पंधरवडा लोटला असेल नसेल, तोंच पुण्याहून आमच्या थोरल्या वहिनींचें पत्र आलें. वय वर्षें एक्क्याऐंशी. अक्षर कांपरें झालें आहे, पण मजकूर नेहमींप्रमाणें रोखठोक. "मुकुंदवाडीचें घर विकण्याचें मुलांनीं ठरविलें आहे. कागदावर भाऊजींची सही लागेल. ती करण्यापूर्वीं एकदां स्वतः जाऊन यावें, आणि तुळशीवृंदावन शाबूत आहे किंवा कसें तें मला कळवावें." आमची आई लवकर वारली, पुढें माझी मुंज, शिक्षण व विवाह हें सर्व वहिनींनींच पाहिलें. त्यांची आज्ञा मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

मुकुंदवाडी मला दुरून नित्य दिसत असे. परळीहून गाडींत बसलें कीं परभणी, जालना करीत गाडी मुकुंदवाडीवरून पुढें औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, जाते. स्टेशनाचा तो फलक खिडकींतून किती वेळां पाहिला असेल! परंतु वडील वारल्यावर १९९४ सालीं घरास कुलूप लावून जो निघालों, तो त्या गल्लींत पुन्हां पाऊल ठेवलें नाहीं. वेळ मिळाला नाहीं, असें मी सांगत असें. खरें कारण भय हें होतें. लहानपणीं जें पाहिलें, तें तेथें आतां नसणार, हें मनाला आधींच ठाऊक होतें.

माझ्या बालपणीं मुकुंदवाडी हें शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यालगतचें एक खेडें होतें. आमचें घराणें जोशीपणाचें. वडील पंचांग बगलेंत मारून आसपासच्या वाड्यांवर मुहूर्त सांगावयास जात. त्याबद्दल सुगीला ज्वारी येई. आमचें थोडेंसें शेत होतें, त्याला घरांत 'चिंचेचा तुकडा' म्हणत. शेताच्या बांधावरून मीटर गेजची छोटी गाडी दिसे, आणि तिच्या शिटीवर आई चुलीवर आधण ठेवी.

शहर म्हणजे पश्चिमेस, तटाच्या आंत. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, औरंगजेबानें १६५३ मध्यें तिला आपलें नांव दिलें. पुढें तीन शतकें तें शहर आपल्या दरवाजांच्या आसपासच राहिलें. मग तें आमच्याकडे चालत आलें. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि आमच्या शेजारीं चिकलठाण्यास कारखाने उभे राहूं लागले. सत्तरीनंतर सिडकोची नवी वसाहत आंखली गेली; १९८२ सालीं महानगरपालिका झाली; १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला; त्यानंतर पूर्वेकडे शेंद्रा. चिंचेचा तुकडा नव्या वसाहतीसाठीं संपादन झाला. मोबदला मिळाला, त्यांतून दोन बहिणींचीं लग्नें झालीं. त्याबद्दल मी तक्रार करीत नाहीं. मात्र शेताबरोबर शेताचें नांवही गेलें, हें आम्हां कोणाच्या तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

असो. कार्तिकाच्या अखेरीस मी मुकुंदवाडीस उतरलों, आणि ज्या गांवीं जन्मलों त्याच गांवांत वाट चुकलों! डाव्या हातास दुकानांची रांग, उजव्या हातास तिमजली घरें. जालना रस्त्यालगतचीं अनेक बांधकामें २०२५ च्या जूनमध्यें पाडण्यांत आलीं, त्यामुळें एखादी ओळखीची भिंत असेल या आशेसही जागा नव्हती. भवभूतीच्या उत्तररामचरितांत राम पुष्कळ वर्षांनीं दंडकारण्यांत परत येतो. पूर्वीं प्रवाह होता तेथें वाळू झालेली. दाट झाडी विरळ, विरळ होती ती दाट झालेली. हेंच तें वन, ही खात्री त्याला पटते ती केवळ डोंगर जागच्या जागीं आहेत म्हणून. हा प्रसंग मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला. त्याचा अर्थ त्या दिवशीं रस्त्यांत उभा राहून कळला. दोन इमारतींच्या फटींतून दक्षिणेस सातारा-देवळाईचे डोंगर दिसले. त्यांना तोंड करून उभा राहिलों, म्हणजे पाठीमागें आमची गल्ली. लहानपणींचा हाच हिशेब होता, आणि तो बरोबर आला.

घर उभें होतें. १९७२ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांतून एक कुटुंब चिकलठाण्यास मजुरीला आलें, त्याला वडिलांनीं बाहेरची खोली दिली होती. त्या गृहस्थांना पुढें कारखान्यांत कायम नोकरी लागली. ते आतां हयात नाहींत. आम्ही गेल्यावर कुलूप त्यांच्याच स्वाधीन केलें होतें. सध्यां त्यांची वृद्ध पत्नी, मुलगा, सून व नात असे चौघे तेथें राहतात. ठरलेलें अल्प भाडें दर वर्षीं न चुकतां येतें. मी दारांत उभा राहतांच म्हातारीनें ओळखलें. "गुरुजी ना तुम्ही? जोशीकाकांचे धाकले!" गल्लींतील पोरांना ती वास्तु अजून 'जोशीकाकांचा वाडा' याच नांवानें ठाऊक आहे, असें दिसलें. ज्यांनीं माझ्या वडिलांना पाहिलें नाहीं, त्यांच्या तोंडीं वडिलांचें नांव!

वृंदावन शाबूत होतें. त्याला हिरवा तैलरंग दिलेला, कठड्यावर पाण्याचें पिंप ठेवलेलें, पण तुळस टवटवीत. परसांतील आडावर लोखंडी झांकण व विजेचा पंप. जायकवाडीचें पाणी पैठणहून या शहरास येतें खरें. पण गेलीं कित्येक वर्षें नळाला पाणी येतें तें मध्यें अनेक दिवस टाकून. त्या रिकाम्या दिवसांत अर्ध्या गल्लीची भिस्त आमच्या आडावर असते. चहा झाल्यावर म्हातारी म्हणाली, "घर इकायचं कानावर आलंय, गुरुजी. तुमचं हाय, तुम्ही इका. पण कवा निघायचं ते आधी सांगा. नातीची बारावी हाय." यापलीकडे तिनें कांहींच मागितलें नाहीं. घेणाऱ्यास घर पाडून दुकानें बांधावयाचीं असल्यानें संक्रांतीपूर्वीं ताबा हवा होता, हें मला पत्रानें कळलेलें होतें. मीं तिला तेथें उत्तर दिलें नाहीं, देववलें नाहीं.

रात्रीं सिडकोंतील पुतण्याकडे मुक्काम होता. तो शेंद्र्याच्या वसाहतींत नोकरीस आहे. तेथें चेक देशाच्या स्कोडा कंपनीच्या मोटारी २००१ पासून जोडल्या जाऊं लागल्या. बोलतां बोलतां त्या देशाचा विषय निघाला, आणि मला तेथल्याच झ्लीन गांवाची हकीकत आठवली.

बाटाचा जोडा आपल्या प्रत्येक घरांत कधीं ना कधीं आलेला आहे. त्याचें मूळ झ्लीन. १८९४ सालीं बाटा भावंडांनीं तेथें कारखाना काढला, आणि एका लहान गांवाचें औद्योगिक शहर झालें. तोमाश बाटा १९३२ सालीं विमान-अपघातांत वारले. त्यांचा मुलगा, नांव तोमाशच, १९३९ मध्यें देश सोडून कॅनडास गेला. १९४५ सालीं कारखाना सरकारजमा झाला. १९४९ मध्यें गांवाचें नांवसुद्धां बदलून गॉटवाल्डोव्ह केलें. राजवट कोसळल्यावर १९८९ च्या डिसेंबरांत तो मुलगा, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेला, परत आला तेव्हां लोकांनीं गर्दी करून त्याचें स्वागत केलें. पुढच्याच वर्षीं गांवास झ्लीन हें नांव परत मिळालें. कारखाना मात्र त्याला परत मिळाला नाहीं. बाटांच्या कचेरीच्या उंच इमारतींत आज त्या प्रांताचा कारभार चालतो. त्यानें त्या देशांत पुन्हां आपलीं दुकानें उघडलीं, पण उघडलीं तीं नव्यानें.

मीं पुतण्यास म्हटलें, "मूळ गांव परत आलेल्यास प्रेम देतें, मधलीं पन्नास वर्षें परत देत नाहीं. तीं वर्षें तेथें राहिलेल्यांचीं असतात." तो शांतपणें म्हणाला, "काका, त्या गृहस्थापाशीं जगभर दुकानें होतीं. मला मुलीच्या शिक्षणाचें कर्ज फेडावयाचें आहे. घर तसेंच ठेवलें तर तुमच्या वहिनींना समाधान; हप्ता मात्र बँक माझ्याकडेच मागेल." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. घर ठेवा असें सांगणें मला सोपें होतें, कारण मला निवृत्तिवेतन आहे.

सकाळपर्यंत विचार करून मीं सही देण्याचें कबूल केलें, परंतु दोन अटींवर. पहिली, ताबा वैशाखानंतर. म्हणजे मुलीची परीक्षा होईल व त्या कुटुंबास दुसरी जागा पाहतां येईल. दुसरी, आड व त्याच्याकडे जाणारी वाट विक्रींतून वगळावी आणि गल्लीच्या वापरासाठीं लेखी ठेवावी. यामुळें किंमत जी उतरेल, ती माझ्या हिश्शांतून वळती करावी. पुतण्या प्रथम रागावला. दुपारीं त्यानेंच घेणाऱ्यास भेटून मुदत मान्य करून घेतली. आडाचें बोलणें अद्याप चाललें आहे. तें कसें लागेल हें आज सांगतां येत नाहीं.

निघतांना म्हातारीनें तुळशीच्या मंजिऱ्या कागदांत बांधून दिल्या. त्या वहिनींना पाठविल्या व सारी हकीकत लिहिली. वहिनींचें उत्तर दोनच ओळींचें आलें: "मंजिऱ्या कुंडींत पेरल्या. मुलीच्या परीक्षेच्या वेळीं तिच्या आजीस विचारून कळवावें, पेपर कसे गेले."

वडिलोपार्जित घराचा प्रश्न आज अनेक एकत्र कुटुंबांपुढें उभा आहे. घर विकूं नये, असें मी म्हणणार नाहीं. मात्र कागदावर सही करण्यापूर्वीं घरांतील एका तरी वडील माणसानें तेथें जावें, ओसरीवर बसावें, आणि सध्यां तेथें राहणाऱ्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें. आपल्या शेतांचीं, विहिरींचीं, वाटांचीं नांवें आठवणाऱ्यांनीं तीं मुलांकडून वहींत लिहून घ्यावींत. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर पुतण्याच्या मुलीनें आतां लिहिलें आहे: चिंचेचा तुकडा.