ही फी नव्हे, परतीची ठेव आहे



आपली पोरं आता पुण्या-मुंबईवर थांबत नाहीत, पार जर्मनीला शिकायला जातात. आनंदाची गोष्ट आहे. पण परवा एक सभासद ऑफिसात आले नि म्हणाले, "जर्मनीच्या कॉलेजची फी भरायचीय, ११,९०४ युरो. निम्मे सावकाराकडनं काढलेत." म्हणून हे लिहिणे आम्हांस भाग पडले.

ही फी नव्हेच. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, अपवाद थोडे. ही रक्कम म्हणजे मुलाच्या वर्षाच्या पोटापाण्याची तजवीज. सप्टेंबर २०२४ पासून ती महिना ९९२ युरो धरली जाते. व्हिसाआधी वर्षाचे पैसे मुलाच्याच नावे बंद खात्यात भरायचे, आणि तो तिथे पोचल्यावर दरमहा एकेक हप्ता सुटतो. आपल्या भाषेत ही परतीची ठेव. व्हिसा नाकारला तर लागणारे कागद दाखवून ती परत मिळते.

मग यासाठी सावकार कशाला? बँकेचे शैक्षणिक कर्ज या कामी चालते. सावकाराचे व्याज महिन्याला चढते, आणि पोरगं तिकडे अभ्यास सोडून हप्त्याच्या काळजीनं झुरतं. आमचे स्पष्ट मत आहे की, जमिनीचा कागद सावकाराच्या हाती देऊन कोणीही मूल परदेशी धाडू नये.

दुसरी गोष्ट. बंद खाते एवढ्याने भागत नाही. तिथे गेल्यावर राहत्या पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते आणि एक चालू खाते उघडावे लागते. हप्ता त्यात जमा होतो. त्यात काही आठवडे सहज जातात. शिवाय खोलीची अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च वेगळा बांधून द्या. बँकेने खाते नाकारले तरी घाबरू नये. तिथे कायदेशीर राहणाऱ्यास मूलभूत खाते मिळण्याचा हक्क २०१६ पासून कायद्यानेच आहे. शिकायला गेलेला मुलगा आपल्या परकीय चलन कायद्याने अनिवासी ठरतो, म्हणून इथले त्याचे बचत खाते एन.आर.ओ. करून घ्यावे.

तिसरी गोष्ट मुलांना बजावून सांगा. "तुझ्या खात्यावर पैसे घे, पुढं पाठव, तुला कमिशन देतो," असे कोणी म्हटले तर साफ नाही म्हणायचे. तो चोरीचा पैसा असू शकतो, आणि पोलीस आधी खातेदारालाच धरतात. आपण जसा आपला सातबारा दुसऱ्याच्या हाती देत नाही, तसेच खाते.

शेवटी स्वतःच्या घराविषयी एक शब्द. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावयास हवे. विद्यापीठाची तारीख आपल्या हंगामासाठी थांबत नाही. बिल लांबले की सभासद सावकाराची पायरी चढतो, मग दोष एकट्या त्याचा कसा म्हणावा? संचालक मंडळाने हे ध्यानी घ्यावे, आणि शेतकी ऑफिसात या कागदपत्रांची माहिती देणारा एक माणूस बसवावा. सभासदांनीही सही करण्याआधी विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.