मालाचे वय आणि व्यापाऱ्याचा शब्द

धान्याच्या व्यापारात मालाचे वय हा नेहमीच दोष ठरत नाही. वर्षभर मुरलेला तांदूळ शिजताना मोकळा होतो आणि नव्यापेक्षा चढ्या भावाने विकला जातो. त्यामुळे गुदाम कोरडे असले व कीड लागली नाही, म्हणजे माल पडून राहण्यात नुकसान नाही, अशी आम्हां जुन्या व्यापाऱ्यांची समजूत झालेली आहे. परंतु आपल्या समाजातील तरुण आता रंग, हार्डवेअर आणि फायबरग्लासच्या सामानाच्या धंद्यातही उतरत आहेत. तेथे ही समजूत घातक ठरते, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काचतंतूंना एकत्र धरून ठेवणारे पॉलिएस्टर रेझिन कारखान्यातून निघते, त्या दिवसापासूनच त्याचे आयुष्य सरू लागते. ते अकाली गोठू नये म्हणून त्यात अल्प प्रमाणात रोधक द्रव्य घातलेले असते. हे द्रव्य हळूहळू खर्ची पडते. ते संपले की हार्डनरचा थेंबही न पडता पिंपात गाठी धरतात आणि अखेर सर्व मालाची जेली होते. सावलीत, बंद पिंपात, २५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवल्यास साधारणतः ६ महिन्यांची मुदत धरतात. उष्णता १० अंशांनी वाढली की अशा क्रियेचा वेग ठोकळमानाने दुप्पट होतो. मग वैशाखात पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या पिंपावरील तारखेवर किती विसंबावे? इपॉक्सी रेझिन पुष्कळ अधिक टिकते. थंडीने त्यात खडे धरले तरी बेताची ऊब देताच ते पूर्ववत होते. गोठलेले पॉलिएस्टर मात्र पुन्हा पातळ होत नाही. हार्डनरचा जोरही कालांतराने उतरतो.

पूर्ण गोठलेला माल कोणी घेणार नाही. खरा धोका अर्धवट उतरलेल्या मालाचा आहे. तो घट्ट झाला म्हणून त्यात वरून स्टायरीन ओतले, तर दिसायला तो ताजा होतो, पण घडवलेली वस्तू ठिसूळ निपजते. त्याच रेझिनची पुढे पाण्याची टाकी होते, छपराचा पत्रा होतो, माणसे वाहून नेणारी होडी होते. तिच्यात बसणाऱ्याने आपले दुकान कधी पाहिलेलेही नसते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. मर्यादा पाळणाऱ्या घरांत पीठ पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसच वापरतात. मुदत ऋतूप्रमाणे बदलते, हे आपल्या माता-भगिनी जाणतात. मग व्यापाऱ्याने ते का विसरावे? तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे हलका माल चांगल्याच्या नावाने खपविणे, सांगितलेला आहे. पिंपातील रेझिन लहान डब्यांत भरताना तारीख गाळणे याहून वेगळे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, असे सोवळे पाळले तर भांडवल बुडेल. आमच्या मते ते बुडण्याचे कारण बेसुमार खरेदीत असते. उन्हाळ्याच्या तोंडी साठा कमी ठेवावा. आधी आलेला माल आधी विकावा. प्रत्येक लहान डब्यावर मूळ पिंपाची तारीख लिहावी. मुदत टळलेला माल द्यावयाचाच झाला, तर वय सांगून, भाव उतरवून, आणि थोड्या नमुन्यात मोजून हार्डनर घालून तो किती वेळात व कसा घट्ट होतो हे ग्राहकासमोर पाहूनच द्यावा. टाकी वा होडीसाठी मात्र तो मुळीच देऊ नये. संघाने हा नियम या धंद्यातील सर्व सभासदांना लागू करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

धान्य शेतकऱ्याच्या घामाने पिकते आणि रेझिन कारखान्यात तयार होते. परंतु दोन्ही विकली जातात ती व्यापाऱ्याच्या शब्दावर. त्या शब्दाला मुदत नसावी.